तेव्हा समुद्र फुकट, एकांत महाग

लग्नानंतर फिरायला कुठे जायचं, हे आमच्या काळात नवरा-बायकोला कुणी विचारत नसे. ते घरातले मोठे ठरवत. ऐपत बेताची असेल तर माथेरान नाहीतर महाबळेश्वर, हात थोडा सैल असेल तर उटी, आणि सासरे फारच हौशी निघाले तर काश्मीर. समुद्राचं नाव या यादीत सहसा नसे. मुंबईकराला तो गिरगाव चौपाटीवर रोज दिसतो, त्यासाठी तिकिटाचे पैसे कशाला घालवायचे, असा सरळ हिशेब होता.

माझ्या भाचीचं लग्न डिसेंबरात आहे. तिने आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याने संगणकावर एक तक्ताच तयार केलाय. एका बाजूला जागा: मालदीव, अंदमान, दक्षिण गोवा, तारकर्ली. दुसऱ्या बाजूला रकाने: पाण्यावरचा व्हिला आहे का, खोलीला स्वतंत्र तलाव आहे का, लहान मुलांना बंदी आहे का, वाळूवर दोघांपुरतं जेवण लावून देतात का. तिने मला विचारलं, “मावशी, तू कुठे गेली होतीस गं?”

“वेंगुर्ल्याला. ह्यांच्या मामांकडे.”

“हनिमूनला मामांकडे?” तिला हसू आवरेना.

हसण्यासारखंच होतं ते. पण मामांकडे जाण्यासाठीसुद्धा आम्हाला समुद्रच ओलांडावा लागला. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. एसटी रात्रभर घाटातून हाडं खिळखिळी करत जायची. त्यापेक्षा भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट बरी वाटायची. सकाळी निघालं की रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण अशी बंदरं घेत ती पणजीला जाई. डेकवर पथाऱ्या पसरलेल्या, कुणाच्या डब्यातल्या लसणीच्या चटणीचा वास, कुणाचं भजन, कुणाला बोट लागलेली. मोठी बोट काठाला लागत नसे, ती खोल पाण्यात उभी राही आणि पडाव येऊन माणसं उतरवून नेई. नव्या नवरीने नऊवारी सावरत शिडीवरून हेलकावणाऱ्या पडावात पाय टाकायचा, हा तिच्या संसाराचा पहिला धडा. पावसाळ्यात बोटी बंद असत, त्यामुळे लग्नसराई आणि बोटीचा हंगाम आपोआप जुळायचा.

वेंगुर्ल्यातलं मामांचं घर समुद्रापासून चांगलं आत, माडा-पोफळींच्या आड होतं. किनाऱ्यालगत घर बांधायचं कुणाच्या मनातही येत नसे. खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजतं, वादळात कौलं उडतात, पुळणीत काही पिकत नाही. वाटण्या करताना दर्याकडचा तुकडा ज्याच्या वाट्याला येई, त्याच्याबद्दल गाव हळहळे. आज त्याच तुकड्यासाठी मुंबई-दिल्लीचे लोक रांग लावून उभे आहेत आणि ‘सी व्ह्यू’ एवढ्या शब्दावर खोलीचं भाडं दीडपट होतं.

किनारा तेव्हा कसा होता? पहाटे रापण ओढायला अर्धा वाडा जमायचा. जाळ्याची दोन टोकं धरून पुरुष-बायका मागे मागे सरकत जायच्या आणि शेवटी चांदीसारखा मासळीचा ढीग वाळूवर पडायचा. वाटणी झाली की सगळे पांगत आणि मग दुपारभर मैलभर वाळूवर चिटपाखरू नसे. आज ज्याला ‘सिक्लुडेड बीच’ म्हणून पैसे मोजतात, तो हाच. आम्हाला तो फुकट मिळाला होता. मिळत नव्हता तो एकांत. आम्ही दोघं दुपारी शिरोड्याच्या वाटेने चालत गेलो, तर संध्याकाळी मामींना ठाऊक, “सून पायात चप्पल न घालता वाळूतून हिंडत होती म्हणे!” रात्री माजघरात बायका, ओटीवर पुरुष. शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकर मुख्याध्यापक होते, हे मला ह्यांनी त्या दुपारच्या चालण्यात सांगितलं. मामांच्या घरात आम्ही एकमेकांशी बोललो ते बहुतेक ‘ताक वाढू का’ एवढंच.

ज्यांचे मामा कोकणात नव्हते, त्यांना लॉजवर राहावं लागे. तिथला मॅनेजर आधी बायकोच्या गळ्यातलं मंगळसूत्र बघायचा, मग वहीत नाव-गाव लिहून घ्यायचा. संडास सामाईक, आंघोळीचं गरम पाणी बादलीच्या हिशेबाने, आणि खोलीच्या दाराची कडी बाहेरून धक्का दिला की निघायची. जुन्या दिवसांचे गोडवे गाणाऱ्या पुरुषांना ही कडी आठवत नाही. बायकांना आठवते.

हे चित्र हळूहळू बदललं. 1974 मध्ये गोव्यात आग्वादच्या किल्ल्याला लागून ताजचं हॉटेल उभं राहिलं. 1980 च्या दशकात युरोपातून चार्टर विमानं थेट दाबोळीला उतरू लागली. 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. पर्यटन महामंडळाच्या न्याहारी-निवास योजनेतून गावकऱ्यांनी घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी रंगवल्या. 2023 च्या जानेवारीत पेडण्याजवळच्या मोपाला विमानं उतरू लागली. ज्या शिरोडा-रेडीला पोचायला आम्हाला एक दिवस आणि एक रात्र लागायची, तिथे आता मुंबईहून सकाळी निघून जेवायला पोचता येतं. वाट अवघड होती म्हणून किनारा निर्जन होता. वाट सोपी झाल्यावर निर्जनपणा विकत घेण्याची वस्तू झाली.

भाचीचा तक्ता पाहून माझ्या हे चटकन लक्षात आलं, कारण प्रत्येक जागी एकांत वेगळ्या रीतीने घडवलेला आहे. मालदीवमध्ये 1972 मध्ये कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं आणि पुढे एका बेटावर एकच रिसॉर्ट ही पद्धत रूढ झाली. तिथे शेजारीच नाही, त्यामुळे चुगली करणारी मामीही नाही. पण लांबच्या बेटावर समुद्री विमानाने जायचं असेल, तर ती विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. मुंबईहून संध्याकाळी उशिरा पोचलात, तर पहिली रात्र मालेजवळ काढावी लागते, आणि ते भाडं जाहिरातीत नसतं. अंदमानात स्वराज द्वीपावर, म्हणजे जुन्या हॅवलॉकवर, राधानगरची वाळू खरोखर देखणी आहे. मराठी माणसं एके काळी तिकडे फक्त सेल्युलर जेलच्या दर्शनासाठी जात, सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडून परतत. आता जोडपी सकाळी कोठडी बघतात आणि दुपारच्या फेरीने बेटावर जातात. मेच्या उत्तरार्धात तिथे पाऊस येतो, तेव्हा फेऱ्या अडकतात, हे ध्यानात ठेवावं.

आपल्या किनाऱ्याची गोष्ट निराळी. भारतात भरतीच्या रेषेखालची वाळू खाजगी नसते. ‘प्रायव्हेट बीच’ असं पाटीवर लिहिलेलं असलं, तरी तिथून कोळ्याला, गुराख्याला, शाळेच्या सहलीला जाता येतं. 1991 पासून किनारा नियमन क्षेत्राचे नियम आहेत, भरतीच्या रेषेपासून किती आत बांधायचं याच्या मर्यादा आहेत, आणि गोव्यातल्या किनाऱ्यांवरच्या तात्पुरत्या झोपड्या पावसाळ्याआधी उतरवाव्या लागतात. हे नियम हॉटेलवाल्यांना जाचक वाटतात. पण त्यांच्यामुळेच आगोंदसारख्या किनाऱ्यावर अजून माड दिसतात आणि काचेची भिंत दिसत नाही.

तेव्हाचं बरं की आताचं? मला विचाराल तर दाराची कडी आताची चांगली. लग्न झालेल्या दोघांनी आपल्या मनाने जागा निवडावी, चार दिवस कुणाला ताक न वाढता राहावं, एकमेकांशी भांडावं आणि त्याचा साक्षीदार कुणी नसावा, हे सुख आमच्या पिढीला मिळालं नाही. त्याचा हेवा वाटतो, हे मान्य करायला मला संकोच नाही. पण आमच्याकडे एक गोष्ट होती ती आजच्या व्हिलात नाही: समोरचा समुद्र कुणाचं पोट भरतो हे आम्हाला दिसत होतं. ताटातला बांगडा त्याच सकाळच्या रापणीचा होता आणि तो ओढणाऱ्या माणसाचं नाव मामींना माहीत होतं. आज जून-जुलैच्या मासेमारी बंदीतही रिसॉर्टच्या मेनूवर सुरमई झळकत असते. ती कुठल्या शीतगृहातून आली, हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

म्हणून भाचीला मी तक्त्यात एक रकाना वाढवायला लावला: रात्री दिवे किती असतात? वेळास, वायंगणी, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालायला येतात. नेमका तोच लग्नांचा आणि हनिमूनचा हंगाम. अंड्यांतून निघालेली पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात. पूर्वी अंधारात सगळ्यात उजळ समुद्रच असायचा, आता रिसॉर्टच्या झोतांमुळे ती उलट्या बाजूला, हॉटेलच्या हिरवळीकडे वळतात आणि मरतात. वाळूवर दोघांसाठी लावलेलं जेवण आणि त्याभोवतीची रोषणाई फोटोत सुरेख दिसते, पण तिची किंमत बिलात लिहिलेली नसते.

जागा ठरवण्याआधी फोन करून दोन प्रश्न नक्की विचारा. रात्री किनाऱ्याकडचे दिवे मालवता का? आणि गावातल्या माणसाला तुमच्या दारासमोरच्या वाळूवरून चालता येतं का? दोन्हींचं उत्तर सरळ ‘हो’ असं आलं, तर पैसे भरा. उत्तर द्यायला समोरचा अडखळला, तर दुसरी जागा बघा. आणि तशी जागा मिळालीच नाही, तर कोकणातले मामा अजून पाहुण्यांना नाही म्हणत नाहीत. फक्त खोलीची कडी आधी तपासून घ्या.