दादांची कॉन्टेसा लिलावात काढताना

जनकगंज, लष्कर
ग्वाल्हेर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला जाहिरातीचा मसुदा वाचला. 'शिंदे दरबाराशी निगडित घराण्यातील राजेशाही विंटेज मसल कार' ही पहिली ओळ. तिच्यातला 'कार' तेवढा मला मान्य आहे.

दरबाराशी आपला संबंध पणजोबांच्या कारकुनीपुरता. गाडी दादांनी १९९१ साली बँकेच्या कर्जातून घेतली. पण ग्वाल्हेरात लांब बोनेटची कुठलीही गाडी वाड्यात चार पावसाळे उभी राहिली की लोक ती महाराजांची ठरवून मोकळे होतात. महाराजांची खरी गाडी ऐकायचीय? 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची रोल्स-रॉइस. १९०८ साली मुंबई–कोल्हापूर चाचणीत ती घाट चढत-उतरत ६२० मैल धावली आणि मग माधवराव महाराजांनी घेतली. आज तिचं नाव निघतं ते नुसत्या महाराजांमुळे नव्हे, ती कधी, कुठे, किती धावली हे लिहून ठेवलेलं आहे म्हणून. आपल्याकडे लिहून ठेवलेलं काय आहे? दादांची सर्व्हिसची वही. तिची पानन् पान स्कॅन करून टाक. पणजोबांचा पगडीतला फोटो नको.

'विंटेज' तर काढच. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटली तरच गाडी विंटेज धरतात. कॉन्टेसा निघायला लागली १९८४ साली, तेव्हा सगळ्यात जुनीलासुद्धा २०३४ उजाडावं लागेल. आणि 'मसल'? ते अमेरिकेतलं प्रकरण. १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओत मधल्या मापाच्या गाडीत ६.४ लिटरचं इंजिन बसवलं होतं. आपल्या कॉन्टेसाचा सांगाडा इंग्रजांच्या व्हॉक्सहॉलचा, बांधणी कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची, आणि सुरुवातीच्या गाड्यांत इंजिन चक्क अॅम्बेसेडरचं, जेमतेम पन्नास अश्वशक्तीचं. छाती पैलवानाची आणि दम कीर्तनकाराचा! पुढे इसुझूचं १.८ लिटरचं आलं तेव्हा कुठे गाडीला जीव आला. दादांची गाडी त्यातली, आणि ते इंजिन बदललेलं नाही. अनेकांनी मधल्या काळात आपापल्या कॉन्टेसात मिळेल ते डिझेल इंजिन कोंबलं, त्यामुळे मूळ पेट्रोल इंजिन असलेली गाडी शोधणारे लोक आहेत. चासी नंबर, इंजिन नंबर आणि आरसी या तिन्हींचे स्पष्ट फोटो शेजारी शेजारी लाव. हौशी माणूस आधी तेच पाहील, बोनेटची चकाकी नंतर.

आता दोष. तुझ्या मसुद्यात एकही नाही, आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. डाव्या मागच्या दाराचा रंग अर्धी छटा गडद आहे. डिकीच्या तळाला, स्टेपनीखाली, गंज आहे. एसीचा कॉम्प्रेसर नाही. सीटचं रेक्झिन नंतर घातलेलं. हे सगळं फोटोसकट लिही, आणि गाडी रात्रभर थंड राहिल्यावर सकाळी सुरू करतानाचा व्हिडिओ टाक, धूर निघाला तर निघू दे. पूर्वी गाडी विकायची तर घेणारा पडावावरच्या मिस्त्रीला बरोबर घेऊन यायचा, मिस्त्री खाली वाकून हूं म्हणायचा आणि व्यवहार व्हायचा. इथे बोली लावणारा कोईमतूरला बसलेला असेल, त्याला वाकता येत नाही. त्याच्या वतीने तूच वाकायचं. दोष आधी दिसला की तो खर्च धरून बोली लावतो, दडवलेला सापडला तर गाडी घ्यायला आलेला माणूस दारातच भाव पाडतो. दोष दिसतील या भीतीने गाडी नव्याने रंगवून मात्र घेऊ नकोस. ताजा रंग दिसला की मी स्वतः खाली काय झाकलंय ते आधी शोधतो.

लिलाव कुठे करायचा ते तू ठरव. मुंबईच्या अस्तागुरूसारखी मंडळी चित्रांबरोबर जुन्या गाड्याही ऑनलाइन लिलावात काढतात, पण तिथे कॉन्टेसाला कोण विचारणार? लहान मंच बघ. शेवटच्या मिनिटांत बोली आली की घड्याळ पुढे सरकतं, तसा नियम असलेला मंच निवड. नाहीतर शेवटच्या सेकंदाला कोणी बोट टेकवून गाडी घेऊन जातं आणि खरे इच्छुक बघत राहतात.

दिल्लीवाले सगळ्यात आधी फोन करतील, साडेतीनशे किलोमीटरच्या आत आहेत ना. पण पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीची त्यांच्याकडे नोंदणीची अडचण आहे, तेव्हा ती कशी सोडवणार हे बोलीआधीच विचारून घे. आपलं ग्वाल्हेर एनसीआरच्या बाहेर आहे हे आपलं नशीब. पुनर्नोंदणी चालू आहे हेही ठळक लिही. २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या मोटारीला त्याचं शुल्क दहा हजार झालंय, घेणाऱ्याचा तेवढा खर्च पुढे गेला.

या सगळ्याच्या आधी एक काम आहे. आरसीवर अजून दादांचंच नाव आहे. मालक गेल्यावर वारसाने तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो, ती मुदत गेली, दंड भरू. फॉर्म ३१, मृत्युदाखला, आणि वहिनी व ताई यांची हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र लागेल. बँकेचा बोजा उतरल्याची नोंद आरसीवर आहे, मी पाहिली. नाव तुझ्यावर चढल्याशिवाय लिलाव नको. घेणारा परराज्यातला निघाला तर फॉर्म २८ चं ना-हरकतही काढावं लागेल. २९ आणि ३० वर सही पैसे खात्यात दिसल्यावरच कर, आणि गाडी नेणाऱ्याकडून तारीख-वेळ घातलेली पावती घे. रस्त्यात काही झालं तर पहिली नोटीस कागदावर नाव असलेल्यालाच येते.

सध्या मेळा भरलाय. माधवराव महाराजांनी १९०५ साली सुरू केला तोच. रस्ताकरात निम्मी सूट म्हणून अख्खं शहर नवी गाडी घ्यायला तिकडे लोटलंय, आरटीओतही तीच गर्दी. तेव्हा कागद या आठवड्यातच पाठव, गर्दी ओसरली की मी स्वतः जाऊन देतो.

राखीव किंमत किती ठेवायची ते तू आणि वहिनी मिळून ठरवा. मला विचारू नका, मी फार सांगेन. आणि लिलाव संपायच्या संध्याकाळी फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
काका