जागा करणारी प्रार्थना

केडगावला आज उतरणाऱ्या माणसाला दुष्काळ दिसत नाही. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचं हे स्टेशन. बाहेर पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, आणि हंगाम असला तर गुऱ्हाळांचा धूर, काहिलीत आटणाऱ्या रसाचा गोडसर, किंचित करपट वास. ट्रॅक्टरमागे हेलकावत चाललेल्या उसाच्या ट्रॉल्या, बाजारपेठेतली लगबग. अशा भरल्या मुलखात पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं आवार आहे. आत शिरलं की रस्त्याचा गलका मागे पडतो. झाडांची सावली अंगावर येते. कुठून तरी लेकरांचे आवाज, कुठून तरी पेटीवर धरलेला भजनाचा सूर. ही शांतता नांदत्या घराची आहे.

हे घर वसलं ते मात्र भुकेमुळे. म्हणूनच प्रार्थना आणि विश्वास यांचा विचार मनात आला की मला केडगाव आठवतं. देवावर भरवसा ठेवा, हे उपदेशपीठावरून सांगायला सोपं. इथे तो भरवसा जमिनीवर उतरला, त्याच्या भिंती झाल्या, विहिरी झाल्या, शेकडो ताटं झाली. तो कसा उतरला, हे पाहायचं तर रमाबाईंच्या लहानपणापर्यंत मागे जावं लागतं.

१८५८ साली जन्मलेली ही मुलगी पालखीत नव्हे, तीर्थयात्रेच्या वाटेवर वाढली. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत, आई लक्ष्मीबाई मुलीला संस्कृत शिकवी, आणि सगळं कुटुंब गावोगाव फिरे. १८७०च्या दशकातल्या दुष्काळाने या घराचा घास घेतला. जवळचं होतं नव्हतं ते दानधर्मात, व्रतवैकल्यांत संपलं. उपास, जप, देवदर्शन यांत खंड पडला नाही आणि अन्न काही मिळालं नाही. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरलेली दोन भावंडं हजारो मैल पायी चालली. झेलमच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हतं, तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेऊन रात्र काढली. रमाबाईंनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे.

त्याच साक्षीत वडिलांच्या निरोपाची हकिगत आहे. अंधत्व आलेल्या, उपासाने खंगलेल्या त्या शास्त्रीबुवांनी धाकट्या लेकीला जवळ घेतलं आणि सांगितलं, मी तुला देवाच्या हाती दिलं आहे, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. ज्या माणसाच्या प्रार्थनेला घासभर अन्नाचं उत्तर आलं नव्हतं, त्याने शेवटी जे सर्वांत मोलाचं होतं तेच देवाच्या ओंजळीत टाकलं. रमाबाई पुढे ख्रिस्ती झाल्या, पण हा निरोप त्यांनी टाकला नाही. वडिलांचं ते बोलणं त्यांना आयुष्यभर पुरलं. म्हणूनच प्रार्थनेला उत्तर मिळालं नाही म्हणून खचलेल्या कुणाला भेटले, की मी रमाबाईंचं नाव घेते. विश्वासाच्या या थोर बाईची सुरुवातच अनुत्तरित प्रार्थनेपासून झाली होती.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. सोबत लहानगी लेक मनोरमाही होती. तोवर पती बिपिनबिहारी मेधावी वारले होते, भाऊही राहिला नव्हता. बाप्तिस्म्याने सगळं मिटलं असं झालं नाही. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना त्या वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून कडाडून वाद घालत. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार, स्वतःची सदसद्विवेकबुद्धी, कशावरही डोळे मिटून मान डोलवायला त्या तयार नव्हत्या. नंतर त्यांनी मोकळेपणी लिहिलं, की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, पण ज्याच्यामुळे तो धर्म आहे तो ख्रिस्त अजून आपल्याला भेटला नव्हता. ती भेट १८९१च्या सुमारास झाली. मध्ये आठ वर्षं गेली.

या आठ वर्षांचं मला फार मोल वाटतं. आपल्या मंडळ्यांमध्ये जन्मापासून ख्रिस्ती असलेले आपण पुष्कळ जण आहोत. बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झालं, रविवारची उपासना चुकत नाही, नाताळला चांदणी लागते, लेंटमध्ये उपास होतात. तरी आत कुठेतरी देव अजून परका असतो. पाहुण्याशी बोलावं तसे आपण त्याच्याशी ठरलेल्या शब्दांत बोलतो. रमाबाईंनी ही परकेपणाची जाणीव झाकली नाही. शंका घेऊनच त्या प्रार्थनेला बसल्या, आणि वाद करता करता नातं जुळत गेलं. स्तोत्रकर्त्यांनी तरी दुसरं काय केलं? रडले, भांडले, कुठे आहेस म्हणून विचारलं, आणि इतकं होऊनही त्याच्यासमोरून उठले नाहीत. देवाशी जवळीक वाढायची तर आधी खरं बोलावं लागतं. जे दुःख, जो राग, जी शंका आपण त्याच्यापासून लपवतो, तिथे त्याला शिरायला आपण वाटच ठेवत नाही.

भारतात परतल्यावर, मार्च १८८९ मध्ये रमाबाईंनी मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. सदनात धर्माची सक्ती नव्हती. त्या आपल्या खोलीत पहाटे प्रार्थना करत आणि खोलीचं दार उघडं असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये यावरून मोठं वादळ उठलं. सल्लागार मंडळी बाजूला झाली, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादाला अनेक बाजू होत्या आणि पालकांची धास्तीही खोटी नव्हती. मला त्यात ते उघडं दार महत्त्वाचं वाटतं. रमाबाईंनी कुणाला हाताला धरून आत ओढलं नाही, आणि आपण देवाशी बोलतो हे कुणापासून लपवलंही नाही.

मग आलं १८९६. लोणावळ्याच्या ख्रिस्ती शिबिरात शारदा सदनातल्या पंधरा मुली त्यांच्याबरोबर विश्वासाने प्रार्थनेला होत्या. ते पाहून रमाबाईंनी देवाकडे पंधराचा वर्ग मागितला, म्हणजे दोनशे पंचवीस लेकी. सदनात तेवढ्या मुलींना निजायलाही जागा नव्हती. काही महिन्यांत मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. हाडांचे सापळे झालेल्या मुली, अनाथालयांची दैना आणि त्या मुलींना फसवून नेणारे दलाल यांच्या बातम्या आल्या. रमाबाईंना आपलं बालपण आठवलं. त्या उठल्या आणि तिकडे गेल्या. परतताना जवळजवळ तीनशे मुली त्यांनी आणल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग शिरला आणि शहरात नव्या मुली ठेवायला बंदी झाली. मग सदनाला आधार म्हणून घेतलेल्या केडगावच्या शेतजमिनीवर तंबू ठोकले, झोपड्या उभ्या केल्या. मुक्तीची सुरुवात ही अशी.

दोनशे पंचवीस लेकी मागणं हा मनातला संकल्प होता. त्या लेकी आल्या त्या उवांनी भरलेल्या केसांच्या, आजाराने पोखरलेल्या, कुणावरही विश्वास न ठेवणाऱ्या, भाकरी दिसली की ती लपवून ठेवणाऱ्या. प्रार्थनेचं उत्तर असं येतं. मागणाऱ्याच्या अंगावर काम टाकतं, त्याची झोप घेतं, त्याच्या घरातली जागा मागतं. आपण प्रार्थना करतो तेव्हा बहुतेक वेळा मनात असतं, की देवाने काहीतरी द्यावं आणि आपली विवंचना मिटावी. रमाबाईंच्या प्रार्थनेने त्यांची विवंचना कैक पटींनी वाढवली.

पैशाचं काय? अमेरिकेत १८८७ मध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षं मदत देण्याचं वचन दिलं होतं. ती मुदत १८९८ मध्ये, अगदी या गर्दीच्या वेळी, संपली. जॉर्ज म्युलर, हडसन टेलर यांची चरित्रं रमाबाईंनी वाचली होती. बांधील उत्पन्न हाताशी नसताना, माणसांपुढे हात न पसरता, देवाच्या भरवशावर कुणी अनाथांना वाढवणारी, कुणी मिशनकार्य चालवणारी ती माणसं होती. इथेही असं का होऊ नये, असा त्यांचा प्रश्न होता. पण भरवसा म्हणजे हात जोडून बसणं असं मुक्तीत कधी झालं नाही. विहिरी खणल्या, शेती केली, गाई पाळल्या, माग बसवले, तेलाचे घाणे चालवले, छापखाना उभा केला. १९००च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथल्या मुलींची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. गुडघे टेकणं आणि कुदळ उचलणं ही त्या आवारात एकाच दिवसाची दोन कामं होती.

उपासनामंदिरात मुली जमिनीवर मांडी घालून बसत. आजही अशा भुईवर बसून डोळे मिटले की मला आमच्या घरातली दिवेलागण आठवते. आजी ‘उपासना संगीत’ उघडायची. त्यातली कितीतरी पदं रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. पद झालं की शास्त्रपाठ, मग आजीची प्रार्थना. ती लांबायची, कारण तिच्यात सगळं गाव यायचं. दवाखान्यातली बाळंतीण, दारू सुटत नसलेला शेजारी, परीक्षेला बसलेली मुलं, पाऊस, आणि ज्यांच्याशी आमचं बोलणं नव्हतं ते भाऊबंदही. आम्ही मुलं चुळबुळ करायचो. रोज कुणाचं नाव देवापुढे घेतलं की त्या माणसाचा राग मनात टिकत नाही, हे आजीला ठाऊक होतं.

१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी मुक्तीतल्या मुलींना विचारलं, रोज माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण येईल? पहिल्यांदा सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या. महिन्याच्या अखेरीस मुक्तीत मोठं आध्यात्मिक जागरण झालं. मुली रडल्या, आपली पापं कबूल केली, गायल्या, आणि पुढे टोळ्याटोळ्यांनी आसपासच्या गावांत सुवार्ता सांगत गेल्या. त्या जागरणाविषयी जगभर पुष्कळ लिहिलं गेलं. मला त्याआधीचे महिने जास्त बोलके वाटतात. थंडीत, मग उन्हाळ्यात, काहीही विशेष घडत नसताना रोज येऊन बसणाऱ्या त्या मुली. प्रार्थनेचं बहुतेक आयुष्य असंच असतं. मन लागत नाही, शब्द कोरडे निघतात, घड्याळाकडे लक्ष जातं. तरी बसायचं. नात्यात नुसतं सोबत असणं मोठं असतं, आणि देवाशी असलेल्या नात्यालाही हेच लागू आहे.

रमाबाईंची सर्वांत दीर्घ प्रार्थना कोणती म्हणाल, तर मराठी पवित्र शास्त्र. खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला कळेल अशा सोप्या मराठीत ते असावं, म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि वर्षानुवर्षं भाषांतर करत राहिल्या. खिळे जुळवले, छपाई केली ती मुक्तीच्या छापखान्यातल्या मुलींनी. कधीकाळी दुष्काळातून आणलेल्या मुलींच्या हातांतून ते शब्द कागदावर उतरले.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. आईचा उजवा हात, अंध मुलींना ब्रेल शिकवणारी, मुक्तीचा वारसा ज्या हाती द्यायचा ती एकुलती एक लेक. रमाबाईंचे आई, वडील, बहीण, भाऊ, पती आधीच गेले होते. मनोरमासाठी त्यांनी किती प्रार्थना केल्या असतील याचा अंदाज कुठलीही आई करू शकेल. त्यानंतरही त्यांनी भाषांतराचं काम सोडलं नाही. शेवटची मुद्रितं हातावेगळी केली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी डोळे मिटले, असं सांगतात. छापील ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.

दोन मृत्यूंच्या मध्ये, म्हणजे वडिलांच्या आणि लेकीच्या, एका माणसाचा देवावरचा विश्वास किती खोल गेला ते दिसतं. देव मागितलेलं देतो म्हणून ठेवलेला विश्वास पहिल्याच दुष्काळात संपला असता. रमाबाईंचा विश्वास देवाच्या स्वभावावर होता. हरवलेल्या मेंढराला शोधत जाणारा, विहिरीवर शोमरोनी बाईशी बोलणारा, विधवेचा एकुलता मुलगा गेला म्हणून कळवळणारा जो प्रभू त्यांना शुभवर्तमानात भेटला, तो बदलत नाही, ही त्यांची खात्री होती. स्वतःचं दुःख त्यांना कधी समजलं की नाही, कोण जाणे. पण दुःख देणाऱ्या जगात तो आपल्या बाजूला उभा आहे, याबद्दल त्यांना शंका उरली नव्हती.

मुक्तीत आजही निराधार बायका आणि मुली राहतात. नवी मुलगी दाराशी आली की तिला ताट लागतं, अंथरूण मिळतं, नावाने हाक मारली जाते. मी तिथून परतते तेव्हा माझ्या प्रार्थनेकडे वेगळ्या नजरेने पाहते. मी काय मागितलं आणि काय मिळालं याचा हिशेब करून माझं देवाशी नातं किती खरं, हे मला कळणार नाही. प्रार्थनेवरून उठल्यावर माझ्या घरात, माझ्या वेळेत, माझ्या रागावलेल्या मनात मी आणखी कुणासाठी जागा केली, हे पाहिलं तर कळेल. आपल्याला पुरेल की नाही याची खात्री होण्याआधी केलेली ती जागा, हाच मला समजलेला विश्वास. तिथे आधी एखादा भुकेला माणूस येतो. आणि शुभवर्तमान सांगतं त्याप्रमाणे, त्याच्या रूपाने प्रभूच आलेला असतो.