पडद्यावरचा बर्फ

अमरावतीत कुणी पत्ता विचारला, की आम्ही तो टॉकीजच्या आधाराने सांगतो. चित्रा चौकातून पुढे या, प्रभात चौकाकडे वळा, नाहीतर सरोज चौकात कुणालाही विचारा. परगावच्या पाहुण्याला वाटते, चित्रा आणि सरोज या गावातल्या कुणी थोर समाजसेविका असाव्यात. त्या चित्रपटगृहे आहेत हे कळल्यावर तो जरा गोंधळतो. पण आम्हांला त्यात काही वावगे वाटत नाही. अंबादेवी हे गावाचे दैवत खरेच. पण त्याखालोखाल मान कुणाचा, असे विचारले तर माझ्या पिढीचा माणूस क्षणभर थांबून टॉकीजकडेच बोट दाखवील. सी. पी.-बेरार म्हणून सिनेमाच्या धंद्यात ओळखल्या जाणाऱ्या मुलखाचे वितरक अमरावती-भुसावळला कचेऱ्या थाटून बसत. रिळांचे पत्र्याचे डबे हमालाच्या डोक्यावरून जाताना दिसले, की आम्ही मुले नवरदेवाच्या वरातीमागे जावे तशी त्यांच्यामागून जात असू.

या प्रेमाचे एक कारण कलेशी संबंधित नव्हते. ते ऊन होते. वऱ्हाडचा मे महिना ज्याने काढला नाही, त्याला ते सांगून कळायचे नाही. अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला तर तिथे ती बातमी होत नाही. खाली आला तर होते. कपाशीच्या काळ्या रानाला एवढाल्या भेगा पडतात, की त्यांत मनगटापर्यंत हात जावा. अशा दिवसांत दुपारच्या खेळाला टॉकीजच्या अंधारात शिरणे म्हणजे विहिरीत उतरण्यासारखे सुख होते. आणि त्या अंधारात समोरच्या पडद्यावर बर्फ!

१९६४ आणि १९६५ या दोन वर्षांत काश्मीर जणू आमच्याकडे मुक्कामालाच आले. 'काश्मीर की कली' आला, 'आरज़ू' आला, 'जब जब फूल खिले' आला. सगळे रंगीत. त्यांतल्या कथा आज मला धड आठवत नाहीत, पण त्या पाण्यावरचे शिकारे, ते चिनार आणि नायिकेच्या तोंडातून बोलताना निघणारी वाफ मात्र आठवते. माणसाच्या तोंडातून वाफ निघण्याइतकी थंडी या देशात कुठेतरी आहे, याचेच आम्हांला अप्रूप. खेळ सुटल्यावर बाहेरच्या झळा तोंडावर आल्या, की आम्ही डोळे बारीक करून घरी जात असू. आणि रात्री गच्चीवर पाणी शिंपडून पडलो, की मी मनातल्या मनात श्रीनगरला पोचलेलो असे.

त्याच सुमारास अकोल्याला एक शाळकरी मुलगी आईबरोबर 'जब जब फूल खिले' पाहत होती. तिच्या घरी हिंदी सिनेमाला सहसा परवानगी नसे. पण यातली नायिका नंदा. म्हणजे मास्टर विनायकांची मुलगी, म्हणजे आपल्यातलीच. या नात्यावर तिकिटे काढली गेली. श्रीमंत प्रवासिनी आणि हाउसबोटवाला तरुण यांची ती गोष्ट त्या मुलीच्या मनात जी जाऊन बसली, ती १९७४ साली माझ्याशी लग्न होईपर्यंत हलली नव्हती.

लग्नानंतर आम्ही काश्मीरला जाणार होतो. गेलो चिखलदऱ्याला! परतवाड्याहून एस.टी.ने घाट चढलो. धुक्यात काही दिसत नव्हते आणि भिजलेल्या स्वेटरला मेंढीचा वास येत होता. चिखलदऱ्याला लोक विदर्भाचे नंदनवन म्हणतात आणि पावसाळ्यात ते खरेही असते. पत्नी म्हणाली, "यंदा हेच काश्मीर समजू. पुढल्या वर्षी खरे." ते पुढले वर्ष उगवायला अडतीस वर्षे लागली. आधी बहिणींची लग्ने झाली, मग मुलांची शिक्षणे. आणि हात जरा मोकळा होतो तोच १९९० उजाडले. काश्मीरचे रस्ते आमच्यासारख्यांना बंद झाले. सिनेमावाल्यांनीसुद्धा आपला बाडबिस्तरा गुंडाळला आणि बर्फासाठी ते स्वित्झर्लंडला जाऊ लागले. पडद्यावर बर्फ तोच राहिला, फक्त त्यावर चिनाराची सावली पडेनाशी झाली.

अखेर २०१२ च्या एप्रिलात आम्ही निघालो. शेजारच्या काकूंनी दारातच विचारले, "काश्मीरले चालले म्हणता? कितीक दिवस? अन् येवढे पैसे घालून थंडीच खायची, तर दिवाळीनंतर आपल्या चिखलदऱ्याले काय झालं बापा?" या प्रश्नाला उत्तर नव्हते. भुसावळला झेलम एक्सप्रेस धरली. जम्मूला उतरल्यावर पुढचा प्रवास मोटारीने. सिनेमात नायकाची मोटार एक वळण घेते आणि समोर सरोवर येते. आमची मोटार रामबनला दरड कोसळल्यामुळे सात तास उभी होती. पुढे लष्करी गाड्यांची रांग, मागे मेंढ्यांचे ट्रक. मेंढ्या आमच्याकडे पाहत होत्या, आम्ही मेंढ्यांकडे. पत्नीने डब्यातल्या दशम्या काढल्या आणि ड्रायव्हरलाही दिल्या.

हाउसबोटीचे लाकूडकाम अस्सल होते. देवदार आणि अक्रोडावरची ती नक्षी पाहून हात आपोआप फिरवावासा वाटे. परक्यांना काश्मिरात जमीन घेता येत नसे, म्हणून इंग्रजांनी पाण्यावर घरे बांधून घेतली, असे तिथे सांगतात. पण गरम पाणी सकाळी एक बादली, विजेचा भरवसा नाही. आणि बोटीची मागची खिडकी उघडली तर शेवाळाचा, कुजक्या वेलींचा वास. नळाचे पाणी जाते कुठे, याचा शोध पत्नीने पहिल्याच दिवशी लावला. ते दल सरोवरातच जात होते. तिने मला ते बोटाने दाखवले आणि काही न बोलता खिडकी लावून घेतली. सिनेमाला मागची खिडकी नसते.

सकाळपासून शिकाऱ्यांतून विक्रेते यायचे. केशरवाला, शालवाला, अक्रोडवाला. आणि काश्मिरी पोशाख चढवून फोटो काढणारा. त्याने पत्नीला झगझगीत फिरन, मोत्यांच्या माळा आणि हातात एक पितळी दिसणारा प्लॅस्टिकचा घडा दिला. फोटो हातात आल्यावर अठ्ठावन्न वर्षांची ही नायिका तो लांब धरून पाहत म्हणाली, "नंदा कुठली, नणंद दिसते मी!" गुलमर्गला भाड्याचे कोट मिळाले, त्यांना आमच्या आधीच्या शंभर प्रवाशांचा घाम होता. गमबूट मिळाले ते दोन्ही डाव्या पायाचे. बर्फ होता, पण घोड्यांनी तुडवून काळपट झालेला. 'बॉबी'तली झोपडी दाखवायला तिघे जण पुढे आले. पहलगामजवळ तर एका आख्ख्या खोऱ्याचे नाव 'बेताब' या १९८३ च्या चित्रपटावरून पडले आहे. त्याचे जुने, स्वतःचे नाव हजन. चौकांना टॉकीजची नावे देणारा मी अमरावतीकर यावर काय बोलणार?

मग निराशा झाली का? तसे मला म्हणवत नाही, आणि त्याला कारण भाजीबाजार. झोप न लागल्यामुळे एका पहाटे पाच वाजता आम्ही शिकारा काढला. सरोवराच्या आतल्या भागात अंधारातच पन्नास-साठ नावा एकमेकींना खेटून उभ्या होत्या. तरंगत्या मळ्यांतला माल घेऊन माळी आले होते. हाक नावाची पालेभाजी, मुळे, सलगम, आणि चिखलाने माखलेले नदरू, म्हणजे कमळाचे देठ. नावेतून नावेत माल जाई, घासाघीस होई, कुणी हुक्का ओढी, कुणी मोठ्याने भांडे. आमच्याकडे पाहायला कुणाला सवड नव्हती. पत्नीने नदरूची एक जुडी हातात घेऊन भाव विचारला, तो जास्त आहे असे सांगितले आणि ते कसे शिजवतात हेही विचारून घेतले. परतताना ती म्हणाली, "हे कुणी सिनेमात का नाही दाखवत?" साऱ्या प्रवासात तिचा चेहरा इतका खुललेला मी पाहिला नव्हता.

शिकारा वल्हवणारा मुलगा वीस वर्षांचा असेल. आम्ही कुठले हे त्याने विचारले. अकोला-अमरावती त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मी म्हटले, तुझ्या या सरोवराला मी लहानपणापासून ओळखतो, आमच्या गावच्या टॉकीजमध्ये ते दर दोन महिन्यांनी येत असे. तो हसला. मग त्याने जे विचारले त्याची मला अपेक्षा नव्हती. "साहेब, टॉकीजमध्ये बसल्यावर कसे वाटते?"

त्याने टॉकीज पाहिलेच नव्हते. अतिरेक्यांच्या धमक्यांनी १९८९ च्या अखेरीस खोऱ्यातली चित्रपटगृहे बंद पडली, तेव्हा त्याचा जन्मही झाला नव्हता. १९९९ साली श्रीनगरचे 'रीगल' पुन्हा उघडले, तर त्यावर हातबाँब पडला. लाल चौकातल्या 'पॅलेडियम'चे खेळ त्याच्या बापाने पाहिले होते. मुलाला ते फक्त ऐकून माहीत. ज्या पाण्यावर आमच्या पिढीची स्वप्ने चित्रित झाली, त्या पाण्यावर राहणाऱ्या मुलाने ती घरच्या छोट्या टीव्हीवर पाहिली होती. मी त्याला सगळे सांगितले: वाळ्याचे ओले पडदे, पंख्यांचा घरघराट, शिट्या, मध्यंतरातले शेंगदाणे, आणि दिवे मालवल्यावर दोन क्षण पसरणारी ती शांतता. तो वल्हे थांबवून ऐकत होता.

नंतर त्याने आमच्याकडच्या हवेची चौकशी केली. बारा महिन्यांतले आठ महिने ऊन असते म्हटल्यावर त्याचे डोळे मोठे झाले. तिथे डिसेंबराच्या एकविसापासून चाळीस दिवस चिल्लई कलान असते. नळ गोठतात, सरोवराचे काठ गोठतात, गिऱ्हाईक नसते आणि फिरनच्या आत कांगडी धरून बसावे लागते. "आठ महिने ऊन!" तो स्वतःशीच म्हणाला. क्षणभर मला वाटले, या मुलाच्या मनातले काश्मीर म्हणजे आमचे अकोला असावे.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनात घोळते आहे. आपल्याला दूरचा मुलूख दिसतो तो पडद्यावर, आणि पडद्याला दोनच रंग ठाऊक. काश्मीर म्हणजे एकतर गुलाब, नाहीतर गोळीबार. आमच्या वऱ्हाडचेही तेच. पूर्वी कापसाला पांढरे सोने म्हणून बाहेरचे लोक आमचा हेवा करीत. आता वऱ्हाड म्हटले की त्यांना शेतकऱ्यांच्या आत्महत्याच आठवतात. दोन्ही खरे आहे. पण त्या दोहोंच्या मध्ये सकाळी उठून डवरणीला जाणारा, बैलाला पाणी दाखवणारा, पोरीच्या लग्नात दोन दिवस जेवणावळी घालणारा जो माणूस आहे, तो कुणाच्याच पडद्यावर येत नाही. नदरूवाला येत नाही, तसाच.

गेल्या काही वर्षांत तिथे बरेच घडले. २०२२ च्या सप्टेंबरात श्रीनगरला नवे चित्रपटगृह उघडले. ती बातमी मी पत्नीला दोनदा वाचून दाखवली. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरणच्या कुरणात सव्वीस माणसे मारली गेली. त्यांत आपल्या महाराष्ट्रातले सहा होते, आणि तिथलाच एक घोडेवालाही होता. आमच्या घरी त्या रात्री कुणी टीव्ही बंद केला नाही, आणि कुणी जेवलेही नाही. पत्नी एवढेच म्हणाली, "त्या पोराचे या मोसमात कसे होईल?" पुढे जूनमध्ये चिनाब नदीवर ३५९ मीटर उंचीच्या पुलावरून गाडी धावू लागली. रामबनच्या दरडीत आता कमी लोक अडकतील. मेंढ्यांची ओळखही कमी होईल.

आता आमच्या नातीचे लग्न ठरले आहे आणि तिला स्वित्झर्लंडला जायचे आहे. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' तिच्या जन्माच्या आधीचा, पण तिला तो पाठ आहे. ज्यांनी आपल्या लोकांना त्या देशाचा नाद लावला, त्या यश चोप्रांचा पुतळा २०१६ पासून इंटरलाकेन गावात उभा आहे, हेही तिनेच मला सांगितले. मुलगा खर्चाचे गणित मांडून कपाळाला हात लावतो. मला काही सांगावे असे वाटत होते, पण तिच्या आजीने मला पुरते बोलू दिले नाही.

"जा बाई," ती म्हणाली. "खुशाल जा. बर्फात फोटो काढ. पण एक दिवस पहाटे उठ, आणि तिथली भाजी कुठे विकतात ते पाहून ये. भावही विचार. घेतली नाही तरी चालेल."