फौजेची 'हाउसवाइफ' आणि बाहुलीचा परकर

फौजेत प्रत्येक जवानाच्या सामानात एक 'हाउसवाइफ' असते. सिव्हिलमधल्या मंडळींनी दचकू नये. सुया, दोरा आणि चार-दोन बटणं ठेवायची ती एक छोटी कापडी पिशवी. इंग्रजांच्या काळापासून हे नाव चालत आलंय. माजी सैनिकांना सांगायला नको, किट लेआउटच्या दिवशी ती चादरीवर नीट मांडली जाते आणि एरवी पिठ्ठूच्या तळाशी झोपून असते. तुटलेलं बटण लावलं, उसवलेला पट्टा टाचला की तिचं काम संपलं. माझीही चौदा वर्षं अशीच झोपली होती. जैसलमेरच्या पोस्टिंगला ती जागी झाली.

मुलीची एक चिंध्यांची बाहुली आहे. माझ्या आईने जुन्या नऊवारीच्या कापडाची शिवलेली, फूटभर उंचीची, पोटात उशीचा कापूस, डोळे काळ्या दोऱ्याचे. कपडे सगळे आईच करायची. मग आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, सुई ओवता येईना, आणि बाहुली एका परकरावर आली.

आता मुलीचं आणि माझं सांगतो. वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची कॅज्युअल, तीही तुकड्यातुकड्यांनी. सहा वर्षांच्या पोरीला असा बाप म्हणजे ट्रंक घेऊन येणारा पाहुणा. घाबरायची नाही, रडायची नाही, पण माझ्याशी थेट बोलायचीही नाही. आईला म्हणायची, "त्यांना सांग, जेवायला बसा." हे 'त्यांना' ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल. फोनवर दिलं तर रिसीव्हर कानाला लावून नुसता श्वास ऐकू यायचा.

एकदा पत्नीने फोनवर सांगितलं, "बाहुलीला नवा परकर पाहिजे म्हणून हटून बसलीय. बाजारातून काहीतरी आणू का?" मी म्हटलं, "आणू नकोस, मी शिवतो. माप पाठव." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग हसू.

दहा-बारा दिवसांनी ५६ एपीओच्या टपालात एक पाकीट आलं. आत दोन दोरे, दोन्हींना गाठी. लाल दोरा कंबरेचा, पांढरा उंचीचा. चिठ्ठीत पत्नीने लिहिलं होतं, माप तिनेच घेतलंय, मला हात लावू दिला नाही. पट्टीवर धरले तर कंबर सात इंच, उंची पाच इंच.

आमच्या युनिटचे दर्जी गोरखपूरकडचे, माझ्याहून वयाने मोठे. मला 'मराठे' म्हणायचे. मी मशीनवर बसू का विचारलं तर म्हणाले, "मराठे, पहले हाथ से. मशीन तो भागती है." मला हे पटलं आणि आजही नवशिक्याला मी हेच सांगेन. एवढ्याशा कापडावर मशीन सुरू होते न होते तोच शिलाई संपते. हाताने केलं की सुई कुठे चाललीय ते दिसतं.

कापड जैसलमेरच्या बाजारात मिळालं. शिंप्याच्या दुकानाबाहेर कतरनीचा ढीग असतो, त्यातून बाडमेरकडच्या अजरखचा एक तुकडा उचलला, गडद निळा आणि विटकरी लाल. बाहुलीसाठी छपाई बारीक बघून घ्यावी. मोठं फूल असलं की परकरावर त्याची एकच पाकळी येते आणि बाहुली चादर गुंडाळल्यासारखी दिसते. सुती कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायचं. ते आटतं, आणि फूटभर बाहुलीच्या कपड्यात अर्धा इंच आटला तर काय उरणार?

बाकी हिशेब सोपा. कंबर सात, तर कापडाची रुंदी तिच्या दुपटीहून थोडी जास्त, म्हणजे पंधरा इंच. उंची पाच, त्यात खालच्या दुमडीला पाऊण इंच आणि वरच्या नेफ्याला पाऊण, एकूण साडेसहा. पंधरा बाय साडेसहाचा एक सरळ तुकडा, बस. खुणा साबणाच्या वाळलेल्या चिपेने करायच्या, धुतल्यावर जातात. खालची कड आधी पाव इंच, मग अर्धा इंच दुमडून बारीक टाक्यांनी हेम घालायची. कापड सपाट असतानाच हे उरकावं, नळी झाल्यावर हात आत शिरत नाही. वरची कडही तशीच दुमडून धावदोऱ्याने नेफा करायचा. पाव इंची इलॅस्टिकचा सात इंचांचा तुकडा सेफ्टी पिनला अडकवून नेफ्यातून ओढायचा, दोन्ही टोकं जागेवर पक्की टाचायची. चुण्या आपोआप पडतात. शेवटी सुलट बाजू आत ठेवून पाव इंच सोडून उभी शिवण, तीही टीप घालून, नुसत्या धावदोऱ्याने नाही. मुलं बाहुलीचे कपडे काढत नाहीत, ओढतात. उलटवला की परकर तयार.

चुण्या एवढ्या कशाला, असं मला आधी वाटायचं. त्याचं उत्तर कठपुतळीवाल्याकडे मिळालं. राजस्थानच्या कठपुतळीला पायच नसतात. खाली असतो फक्त लांब, घोळदार घागरा. दोरी हलली की घागरा फिरतो आणि बघणाऱ्याला बाई नाचताना दिसते. सगळा नाच त्या कापडात. आपल्या चिंध्यांच्या बाहुलीचे पायही नावालाच असतात.

बराकीत चेष्टा झाली नसती तर नवल. "नया टेलर आ गया" वगैरे. संध्याकाळी रोल कॉल झाल्यावर खाटेवर बसून मी टाके घालायचो. वाळवंटात दिवस कितीही तापला तरी थंडीच्या दिवसांत रात्री बोटं आखडतात, सुई चिमटीत राहत नाही. तिसऱ्या दिवशी हिमाचलचा एक शिपाई शेजारी येऊन बसला. बराच वेळ बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "उस्ताद, मेरी भी एक बेटी है. गुड़िया इतनी सी है," आणि वीतभर अंतर दाखवलं. त्या थंडीत मी पाच परकर शिवले. घरी गेला त्यातला एक.

पार्सल पोचलं त्या रविवारी फोन लावला. पत्नीने उचलला, मग काहीतरी खडखडलं, आणि तिच्या हातातून फोन ओढून घेतल्यासारखा आवाज आला.

"बाबा, याला खिसा नाही."

मी पीसीओत नव्हतो, हे बरं. मागे रांगेत कोणी नव्हतं. मी विचारलं, केवढा पाहिजे? ती म्हणाली, "चिंचोका मावेल एवढा." मग चिंचोका मोठा की लहान यावर आमचं पाच-सात मिनिटं बोलणं झालं. त्याआधीच्या सहा वर्षांत एवढं झालं नव्हतं. दीड इंचाचा चौकोन, तीन बाजूंनी शिवलेला. पुढच्या रजेत तो मी तिच्यासमोर बसून लावला. सुई तिने ओवली, आणि लगोलग आजीच्या गोधडीसाठीही दुसरी ओवून दिली.

नंतर तेजपूरला बदली झाली. आसामात मेखला चादर. मेखला म्हणजे कापडाची नळीच, कंबरेला निऱ्या काढून खोचायची. बाहुलीला खोचलेली टिकत नाही म्हणून मी दोन निऱ्या टाक्यांनी पक्क्या केल्या आणि आतून हुक लावला. जाणकार आसामी बाई याला मेखला म्हणणार नाही. मुलगी म्हणते, तिला तेवढं पुरे.

आता ती नऊ वर्षांची आहे आणि बाहुलीला परकर नको, पँट पाहिजे, कारण बाहुलीला ड्युटीवर जायचंय. पँटचं काम परकरासारखं सरळ नसतं, दोन पायांच्या मधली गोलाई येते. दर्जी आता पेन्शनवर गावी आहेत. त्यांना फोन केला. म्हणाले, "मोजा ले लो, मराठे. बीच से चीरो, दोनों तरफ सिल दो, ऊपर का इलास्टिक तो बना-बनाया है." ट्रंकेतून एक हिरवा लोकरी मोजा काढून ठेवलाय. जोडीतला दुसरा कुठे आहे, ते किट लेआउटच्या आधी शोधावं लागेल.