पट्टा पडायच्या आत

क्षयाचे जंतू वाढवायचे तर लोवेनस्टाइन-जेन्सन, म्हणजे आमच्या भाषेत एलजे, हेच माध्यम, असं मी वर्षानुवर्षं ठासून सांगत आले. आज मी तसं म्हणत नाही. माझं मत फिरवलं ते आमच्या टेंभुर्णी भागातल्या उसाच्या हंगामानं.

एलजेवर माझा जीव होता. आठवड्याच्या आतली ताजी अंडी घ्यायची, तीही प्रतिजैविकं न दिलेल्या कोंबड्यांची. ती साबणानं धुऊन, स्पिरिटनं पुसून फोडायची, गाळायची. त्यात क्षार, अ‍ॅस्परॅजिन, ग्लिसरॉल आणि मॅलॅकाइट ग्रीन मिसळायचं. बाटल्या तिरक्या ठेवून ऐंशी-पंच्याऐंशी अंशांवर ते गोठवायचं. मॅलॅकाइट ग्रीन इतर जंतूंना आवरून धरतं. मग त्या हिरव्या उतारावर भाकरीच्या चुऱ्यासारख्या खरबरीत, पिवळट वसाहती उगवतात. रॉबर्ट कॉखनं १८८२ साली गोठवलेल्या रक्तद्रवावर हेच जंतू वाढवून दाखवले. स्वतःच्या डोळ्यांनी वसाहत बघणं ही परंपरा मला फार मोलाची वाटायची, आणि अजूनही वाटते.

द्रव माध्यमाबद्दल मनात अढी होती. यंत्र महाग, नळ्या महाग. शिवाय तो रस इतका पोषक की भलतेच जंतूही त्यात माजतात. घन माध्यमात तीन ते पाच टक्के नमुने दूषित झाले तर चालवून घेतात. द्रव माध्यमात हे प्रमाण आठ-दहा टक्क्यांपर्यंत जातं. उन्हाळ्यात गावाकडून निघालेला बेडक्याचा नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तापतो, आणि तो वाया गेला की पेशंटला पुन्हा बोलवावं लागतं. हा आक्षेप आजही खोटा नाही.

पण मी हिशेब प्रयोगशाळेच्या बाजूनं करत होते. पेशंटच्या बाजूनं केला तेव्हा चित्र पालटलं.

क्षयाचा जंतू दुप्पट व्हायला पंधरा ते वीस तास घेतो. एलजेवर वसाहत दिसायला तीन ते आठ आठवडे जातात. ती दिसल्यावर कोणतं औषध लागू पडतं हे एलजेवरच पाहायचं तर आणखी साधारण सहा आठवडे. आमच्याकडे कारखान्यांचं गाळप साधारण नोव्हेंबरात जोर धरतं आणि मार्चच्या सुमाराला पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपतं. बीडकडून आलेल्या टोळ्या तोवर फडाजवळच्या कोप्यांत राहतात. डिसेंबरअखेर एखाद्या तोडणी कामगारानं नमुना दिला, तर औषधांचा अहवाल येईपर्यंत त्याची टोळी गावी परतलेली असते. आणि मधले सगळे महिने त्याच कोपीत बायको-लेकरं त्याच्या शेजारी झोपतात.

एमजीआयटी या द्रव माध्यमाच्या नळीच्या तळाशी एक संवेदक असतो. वाढणाऱ्या जंतूंनी नळीतला ऑक्सिजन संपवला की तो चमकू लागतो, आणि यंत्र ती चमक तासातासाला तपासतं. बेडक्यात जंतू भरपूर असतील तर दहा ते चौदा दिवसांत वाढ कळते, पुढची औषधचाचणीही चार ते तेरा दिवसांत होते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ सालीच द्रव माध्यमाचा पुरस्कार केला होता. मी तेव्हा त्याकडे श्रीमंत देशांचा सल्ला म्हणून पाहिलं.

कुणी म्हणेल, आता गोव्यात बनलेली ट्रूनॅट ही डीएनए तपासणी आहे, रिफॅम्पिसिन हे क्षयाचं औषध लागू पडतं का याचा निकाल काही तासांत मिळतो, मग जंतू वाढवायचेच कशाला? ट्रूनॅट हवंच. पण ते मेलेल्या जंतूंचा डीएनएही पकडतं. औषध सुरू असताना जंतू जिवंत उरलेत का, हे ठरवायला ते वाढवूनच पाहावे लागतात. बेडाक्विलिनसारख्या नव्या औषधांना जंतू दाद देतो की नाही, त्यासाठीही मुख्य भरवसा अजून कल्चरवरच आहे.

एलजे फेकून द्या असं मी मुळीच म्हणणार नाही. नळी दूषित झाली किंवा यंत्र बंद पडलं, तर तोच उतार कामी येतो. गुरांकडून येणारा बोव्हिस जंतू ग्लिसरॉलवर नीट वाढत नाही, त्याला पायरुव्हेट घातलेला उतार लागतो. आमच्यासारख्या दूधधंद्याच्या मुलखात हे विसरून चालणार नाही. पण पहिली लावणी द्रव माध्यमात, आणि जोडीला एक एलजे, हे माझं आजचं मत आहे.

आशाताईंना आणि टोळीच्या मुकादमांना एक विनंती. तोडणी कामगाराचा नमुना पाठवताना अर्जावर फडाच्या पत्त्याबरोबर त्याच्या मूळ गावाचा पत्ता आणि घरच्यांचा फोन लिहाच. टोळी हलली तरी अहवाल आणि औषध त्याच्या मागोमाग पोचलं पाहिजे.