झेंडू आणि तहकुबी

श्रावणात वास्कोच्या दामोदराचा भजनी सप्ताह सुरू झाला, की देवळाच्या वाटेवर झेंडूच्या माळांचे ढीग लागतात. गेल्या वर्षी त्या गर्दीत दर्शन घेताना आमच्या मातोश्री म्हणाल्या, "पुता, समयेचो दांडो म्हाका वांकडो दिसता रे."

आम्ही हसलो. वयोमान, दुसरे काय! एका स्नेह्याच्या सांगण्यावरून गोळ्यांची बाटली आणली. तिच्यावर झेंडूचे चित्र होते. फुलाचे औषध, त्याने अपाय तो कसला?

वास्तविक त्या चित्रात खोटे काही नव्हते. झेंडूच्या पाकळ्यांतील ल्युटीन नावाचे पिवळे द्रव्य आपल्या डोळ्याच्या पडद्यावर, पीतबिंदूत, साठलेले असते. ते निळ्या प्रकाशाचा दाह शोषून घेते. शरीराला ते घडवता येत नाही; अन्नातूनच मिळवावे लागते. आमची तांबडी भाजी, अष्टमीची शेवग्याच्या पाल्याची भाजी यांतही ते आहे. आणि ते अंगी लागण्यास स्निग्धांश हवा, म्हणून वर पेरलेला नारळ केवळ चवीपुरता नव्हे.

परंतु वकिलाने पुराव्याच्या मर्यादा वाचावयास हव्या होत्या. अमेरिकेतील २००१ च्या मोठ्या चाचणीत जीवनसत्त्वे व जस्त यांच्या मिश्रणाने, पीतबिंदूचा विकार मध्यम अवस्थेत असलेल्यांचा तो बळावण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी घटला. २०१३ च्या दुसऱ्या चाचणीनंतर त्या मिश्रणातील बीटा-कॅरोटीनच्या जागी १० मिलिग्रॅम ल्युटीन व २ मिलिग्रॅम झिअॅझँथिन आले; कारण धूम्रपान करणाऱ्यांत बीटा-कॅरोटीनने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गेलेली दृष्टी परत आणल्याचा दाखला दोहोंतही नाही. मोतीबिंदूही त्याने टळत नाही. आमच्या भाषेत सांगायचे, तर ही तहकुबी आहे, हुकूमनामा नव्हे.

सरळ रेषा वाकडी दिसणे म्हणजे पडद्याखालील नव्या, नाजूक रक्तवाहिन्या पाझरू लागल्याची खूण असू शकते. त्यावर डोळ्यात द्यावयाची इंजेक्शने आहेत. मात्र ती वेळेवर हवीत. आम्ही चार महिने गोळ्यांत घालविले. मुदत टळलेल्या अपिलाबद्दल पक्षकारांना नेहमी बोल लावणारे आम्ही!

यंदाच्या सप्ताहात मातोश्रींनी उजवा डोळा हाताने झाकून पाहिला. सभोवारची रोषणाई दिसली. मधोमध देव मात्र दिसला नाही. त्या आम्हांस काही बोलल्या नाहीत.

वाचकहो, भाजी अवश्य खावी. पण घरच्या वडीलधाऱ्यांस एकेक डोळा झाकून खिडकीचा गज पाहावयास सांगावे. आणि तो वाकडा दिसल्यास त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे न्यावे.