मँचेस्टरला येण्याआधी

प्रिय शलाका,

तुझा निरोप वाचला आणि मी स्वयंपाकघरातच आनंदाने ओरडले. रॉयल नॉर्दर्न कॉलेज ऑफ म्युझिक, चार वर्षं, व्हायोलिन! पण शेवटी तू हळूच विचारलं आहेस, ‘मडगावची मी तिथे परकी नाही ना वाटणार?’ सामानाचं नंतर सांगते, आधी याचं उत्तर.

अगं, हे कॉलेज ज्यांनी उभं केलं तीच माणसं बाहेरून आलेली. चार्ल्स हॅले मूळचा जर्मनीतला कार्ल. १८४८ च्या क्रांतीत पॅरिसमधलं बस्तान मोडलं म्हणून तो इंग्लंडला आला, १८५८ मध्ये इथे ऑर्केस्ट्रा काढला आणि १८९३ मध्ये कॉलेज. (आपलं आजचं कॉलेज म्हणजे ते आणि नॉर्दर्न स्कूल ऑफ म्युझिक यांचं मिळून झालेलं. ऑक्सफर्ड रोडवरची इमारत १९७३ ची.) हॅलेनंतर प्राचार्य झाले रशियन ॲडॉल्फ ब्रॉडस्की. चायकोव्स्कीचा जो कॉन्चेर्टो तू अख्खी मे महिन्याची सुट्टी घासत बसली होतीस, तो जगात पहिल्यांदा लोकांसमोर वाजवला तो यांनी, १८८१ साली व्हिएन्नात. तेच पुढे मरेपर्यंत, म्हणजे १९२९ पर्यंत, मँचेस्टरमध्ये मुलांना शिकवत राहिले. आणि मुंबईचे मेहली मेहता, झुबिन मेहतांचे वडील, आपली मुंबईची सिंफनी सोडून याच हॅले ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायला आले होते, बार्बिरोली कंडक्टर असताना. मला पहिल्या वर्षी हे कुणी सांगितलं असतं तर कितीतरी रात्री नीट झोप लागली असती. म्हणून तुला आत्ताच सांगते.

आता व्हायोलिन. यात हयगय करू नकोस. गोव्याच्या दमट हवेत लाकूड फुगलेलं असतं. इथे नोव्हेंबरपासून घराघरांत हीटर चालू होतात आणि खोलीतली हवा कोरडी ठणठणीत पडते. लाकूड आकसतं, खुंट्या सुटतात, सूर टिकत नाही. माझ्या व्हायोलिनचा सरसाने जोडलेला सांधा पहिल्याच हिवाळ्यात उकलला. केसमध्ये ओलावा टिकवणारी नळी आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेव, आणि हीटरशेजारी वाद्य कधीही ठेवू नकोस. तारांचा एक जास्तीचा संच आण.

पावसाला मात्र घाबरू नकोस. वर्षभरात आपल्या गोव्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही पडत नाही, फक्त बारीक आणि सतत. अंधाराचं खरं जड जातं. डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य बुडतो. अशा वेळी सरावाच्या खोलीत कोंडून घ्यावंसं वाटतं आणि मीही तेच केलं. तू नको करूस. सेंट पीटर्स स्क्वेअरमधल्या गोल सेंट्रल लायब्ररीत जा. तिथे हेन्री वॉटसन संगीत ग्रंथालय आहे, स्वरलिपींची कपाटंच्या कपाटं, आणि घरी न्यायलाही मिळतात. तिथून चालत ब्रिजवॉटर हॉल. शेजारून ट्राम जाते आणि आत तिची थरथरही पोचत नाही, कारण अख्खी इमारत जाडजूड स्प्रिंगांवर उभी आहे. हॅले ऑर्केस्ट्रा तिथे वाजतो, विद्यार्थ्यांना तिकीट स्वस्त मिळतं. पहिल्याच आठवड्यात जा. मागच्या रांगेत बसून व्हायोलिनवाल्यांचे बो एकदम वर जाताना बघशील ना, तेव्हा आपण इथे का आलो हे कुणाला विचारावं लागणार नाही.

तांदूळ, डाळ, मसाले रशोमला मिळतात, कॉलेजवरून सरळ ऑक्सफर्ड रोडने दक्षिणेला गेलीस की. तो भाग करी माइल म्हणून ओळखला जातो. त्यामुळे बॅगेत किराणा भरू नकोस, स्वेटर भर. सोलं मात्र आण. आई तुझ्याकडे डबा देईल, तो चेक-इनच्या सामानात ठेव आणि व्हायोलिन हातात घेऊन बस.

विमानतळावरून पिकॅडिलीची गाडी पकड. मी फलाटावर असेन. उतरल्यावर वाद्य उघडून सूर लावायची घाई नको, त्यालाही एक रात्र इथल्या हवेची सवय होऊ दे. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीत दोघी मिळून लावू.

तुझी,
मृण्मयी